कोऱ्या पानावरची सही

पांडेसऱ्याच्या गिरणीवस्तीतल्या मराठी शाळेच्या समितीची सभा कधी भरतच नसे. शिपाई चिंधा वही घेऊन गल्लीत येई, समितीतल्या बाया भाकरी थापता थापता हात पुसून पानाच्या तळाशी सही करत, आणि वर काय लिहायचं ते हेडमास्तर मागाहून लिहीत. पहिली सही धुरपदाबाईची. तिला त्याचा कोण अभिमान!

शाळा तिच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. खानदेशातून आलेल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी भराव घातला, बायांनी पाणी वाहिलं. खोल्या होईपर्यंत मिलमधल्या छपाईत बिघडलेल्या साड्या बांधून वर्ग पाडले. त्या आडोशाला लेकीशेजारी बसून ती आपलं नाव लिहायला शिकली होती.

सोमवारी नात नूतन सांगत आली: जूनपासून शाळा इथून हलवून भेस्तानला नेणार. समितीनेच ठराव केलाय. ट्रकांचा रस्ता ओलांडून एवढ्याशा मुलींना कोण धाडणार? घरीच बसतील.

धुरपदाबाई तडक शाळेत गेली. हेडमास्तर योगराजसरांनी वही फिरवून दाखवली. ठराव एकमताने मंजूर, आणि खाली तिचीच ठसठशीत सही.

“सभा कोणत्या तारखेला झाली?”

“बारा जानेवारी.”

“तेव्हा मी पारोळ्याला होते, बहिणीच्या दहाव्याला. माझा हात काय इथं ठेवून गेले होते?”

सर हसले. मुलं कमी, वरूनच हुकूम आलाय, सह्या नुसत्या रीतीपुरत्या, असं म्हणाले.

त्या हसण्याने तिच्या अंगाची लाहीलाही झाली. पण सरांइतकाच स्वतःचाही राग आला. ती दारोदार फिरली. “मन्ही बी अक्कल शेण खावाले गयी व्हती,” म्हणत एकेकीला उठवलं. कुणाच्या तव्यावर भाकरी होती, ती तशीच राहिली.

अकरा जणी शाळेत येऊन बसल्या. सर म्हणाले, सभेला सात दिवस आधी नोटीस लागते.

“मागच्या सभेला दिली होती?”



तिने वहीचं नवं पान काढलं. नावाखेरीज काही लिहायची सवय नव्हती. तरी तारीख घातली, आणि खाली वाकड्या अक्षरांत लिहिलं: मागचा ठराव खोटा. शाळा इथंच. मग वही शेजारणीकडे सरकवली. “आधी वाच.”

सवयीने चिंधा वही उचलायला पुढे आला. तिने पानावर तळहात ठेवला.

“पान भरल्याशिवाय वही हलायची नाही.”