अ‍ॅव्हरेजवर सगळं ठीक

आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची अब्रू तपासली जाते. एखादं यंत्र चालताना हवेत किती रेडिओ-कचरा सोडतं, हे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर नावाच्या पेटीवर बघायचं, एवढंच काम. गंमत अशी, की पडद्यावर जागा हजारभर ठिपक्यांची आणि मोजमापं लाखो. मग एकेका ठिपक्यात शेकडो मोजमापं कोंबायची आणि दाखवायचं एकच. कोणतं, ते डिटेक्टर ठरवतो. पीक लावला तर त्यातलं सगळ्यात वाईट दिसतं. सॅम्पल लावला तर हाताला लागेल ते. आणि अ‍ॅव्हरेज लावला तर सगळं कसं गुण्यागोविंदाने नांदताना दिसतं. आमच्या साहेबांचा अ‍ॅव्हरेजवर फार जीव. गिऱ्हाईक समोर असलं की ते दुसरं काही लावूच देत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे माझा सख्खा भाऊ. दादाच्या कारखान्यात आजारी माणसांसाठी बटणावर वर-खाली होणारे पलंग बनतात. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईही त्याच पलंगावर आहे. उशाशी बिनतारी बेलचं बटण, बेल स्वयंपाकघरात. मातृभक्तीत काही कसर नाही.

फक्त आई म्हणायची, "मी बेल वाजवली, कुणी आलं नाही." वहिनी म्हणायची, बेल वाजलीच नाही. एकदा आई तहानेने कासावीस झाली, एकदा चादर ओली झाली. दादाने बेल तपासली. दर वेळी ठणठणीत वाजली. झालं, निकाल लागला: आईला भास होतात. विसरभोळ्या वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत दादाने खोली ठरवली. रविवारी आईला तिथे पोचवायचं. मोजमापाची तज्ज्ञ म्हणून घरात मिरवणाऱ्या मी त्यावर काय केलं? मान डोलावली.

तर तसाच एक नवा पलंग कारखान्यातून येऊन आमच्या चाचणीच्या खोलीत उभा होता. साहेबांनी अ‍ॅव्हरेज लावला, रेषा शहाण्या मुलासारखी खाली बसली, साहेब दादाशी हात मिळवून चहाला गेले. मी पीक लावला. नियमाने सुरुवात त्यानेच करायची असते, पण नियम काय, कपाटात आहेतच. पलंग वर करायचं बटण दाबलं. मोटर घरघरली आणि सरळ रेषेतून एकदम काट्यांचं रान उगवलं.

"हे काय आता?" दादा वैतागला. "हात दाखवून अवलक्षण! लाव ना परत ते मघाचं."

मी पडद्याकडे बघत होते. मोटरमधल्या ठिणग्यांनी सगळ्यात जास्त धिंगाणा घातला होता तो नेमका अशा बिनतारी बेल ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात तिथे.

"दादा, आई बेल कधी दाबते?"

"कधी म्हणजे? उठून बसायचं असलं की."

"आणि पलंग कोण वर करतं?"

"तीच. एका हाताने पलंग, दुसऱ्या हाताने..." तो थांबला. "पण मी बेल तपासली होती गं!"

"पलंग थांबलेला असताना."

तेवढ्यात साहेब परतले. पडदा पाहून त्यांचा चहा कडू झाला असावा. "मॅडम, पीक लावून कुणाचं भलं झालंय का आजवर? अ‍ॅव्हरेजवर सगळं ठीक आहे!"

आम्ही दोघं तडक घरी गेलो. वहिनीला स्वयंपाकघरात बेलजवळ उभं केलं. मी पलंग वर चढवत बेल दाबली. आत शांतता. पलंग थांबवून दाबली. ठणठणाट. वहिनी दारात आली ती पदराने डोळे पुसतच. ती खोटं बोलत नव्हती. आईही नव्हती.

"पण आई, तुम्ही पुन्हा का नाही दाबलीत?" तिने विचारलं.

"सारखी सारखी वाजवू नका, असं तूच नाही का म्हणालीस?"

दादा पलंगाच्या कडेवर बसला. "आई, चूक मोटरची होती. उद्याच तिचा कचरा अडवणारा फिल्टर बसवतो. आणि रविवारचं रद्द."

"म्हणजे मी वेडी नाही, असं ते यंत्र म्हणालं?"

"हो, आई."

"बरं झालं. मी महिनाभर तेच म्हणत होते." आईने पांघरूण सारखं केलं. "रद्द नको करूस. परवा तिथल्या बाईंशी फोनवर बोलले मी. विचारलं, मी बोलावलं आणि कुणीच आलं नाही, तर? म्हणाल्या, तर आम्हाला जाब विचारतात, आजींना नाही."

मला रडू फुटलं.

"तू रडत बसू नकोस," आई मला म्हणाली. "बॅग भरायला घे. शाल वरच ठेव."