सहलवाल्यांची हजेरी

सहलवाल्यांना बस लागायची. तेवीस वर्षं लोकांना देशभर फिरवणारा हा माणूस वळणाच्या रस्त्यावर दहा मिनिटांत पांढराफटक पडायचा, आणि ही गोष्ट बायको सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हती. ऑफिसातल्या नकाशासमोर उभं राहून ते घाटांची अशी काही वर्णनं करत, की ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ कालच तिथून उतरलेत. त्यांचा रोजचा प्रवास म्हणाल तर घर ते ऑफिस, तोही पायी.

त्या वर्षी एका आठवड्यात चार नद्यांनी पात्रं सोडली आणि अर्धा देश पाण्याखाली गेला. रेल्वे बंद, विमानं बंद, सहली आपोआपच रद्द. माणसं हलवायला तुमच्या बस मिळतील का, असं सरकारने सहल कंपन्यांच्या संघटनेला विचारलं. बैठक भरली. बहुतेकांनी आपापला चहाचा कप मन लावून न्याहाळला. बोलायची खाज सहलवाल्यांना कधीच आवरली नव्हती, तेव्हा ते उठले आणि पंधरा मिनिटं बोलले. सुखात ज्यांना आपण फिरवलं, त्यांना संकटात वाऱ्यावर सोडायचं का, असा सवाल त्यांनी केला. ऐन जागी आवाजही थोडा कापरा केला. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी बस कबूल केल्या. मग अध्यक्षांनी जाहीर केलं, की पहिल्या बसबरोबर अर्थातच वक्ते स्वतः जातील.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा त्यांच्या बॅगेत कोंबला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच वळणावर पहिली पिशवी कामी आली. ड्रायव्हर त्यांच्याकडे बारा वर्षं होता. त्याने आरशातून पाहिलं आणि सभ्यपणे आरसा वर वळवला.

पुरात सापडलेल्या गावात पोचल्यावर पन्नासेक माणसं एकदम दाराशी तुटून पडली. सगळं गमावून बसलेल्या माणसांशी काय बोलायचं, हे सहलवाल्यांना सुचेना. बैठकीतलं भाषण आठवलं, पण त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता. त्यांना येत होती एकच गोष्ट. ते पायरीवर उभे राहिले, वही उघडली आणि म्हणाले, "नाव सांगा, आसन घ्या."

"साहेब, इथे कोण खिडकी मागणार आहे?" ड्रायव्हर पुटपुटला.

पण रेटारेटी थांबली. नाव विचारल्यावर माणसं सरळ उभी राहिली, पोराबाळांना पुढे घेऊ लागली. सर्वांत पुढे एक एकटीच आजी होती. तिने खरोखरच खिडकी मागितली. सहलवाल्यांनी तिला सात नंबर दिला आणि वहीत नाव, वय, गाव नीट लिहिलं.

परतीच्या वाटेवर त्यांना आजीला चार धीराचे शब्द सांगायचे होते. ते तिच्याजवळ गेले, तोंड उघडलं आणि लगेच पिशवी शोधू लागले. जिचं घर कालच वाहून गेलं होतं, तिने दुमजली घर शाबूत असलेल्या या माणसाचं कपाळ दाबून धरलं.

"लांब बघ, बाळा. त्या वहीत डोकं घालू नकोस," ती म्हणाली.

टेकडीवरच्या शाळेत सगळ्यांना उतरवताना त्यांनी सवयीने हजेरी घेतली, आणि कोण कुठल्या वर्गात गेलं तेही टिपलं. दोन दिवसांत ती बस 'उलटीवाल्यांची गाडी' म्हणून ओळखली जाऊ लागली. सहलवाल्यांना वाईट वाटलं. पण नाव खोटं आहे असं त्यांना म्हणता येईना.

चौथ्या दिवशी त्या शाळेच्या फाटकाशी एक बाई दोन लेकरं घेऊन उभी होती. सासूची चुकामूक झाली होती, पाच छावण्या पालथ्या घालून झाल्या होत्या. इतर बसवाल्यांनी माणसं मोजली होती, नावं कुणीच लिहिली नव्हती. तिथल्या अधिकाऱ्याने सहलवाल्यांकडे बोट दाखवलं. बाईने सासूचं नाव सांगितलं, त्यांनी पानं उलटली.

"पहिली फेरी, आसन सात. इथेच आहेत, जिन्याजवळच्या वर्गात."

बाईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिने ओलं बोट त्या नावावर दाबून धरलं. शाई पसरली. वहीला कधी कुणाला हात लावू न देणाऱ्या सहलवाल्यांनी ती तिच्यापुढे तशीच धरून ठेवली.

त्या संध्याकाळी अधिकाऱ्याने हुकूम काढला, की प्रत्येक बसमध्ये नावांची यादी हवी. पुढच्या आठवड्यात त्या याद्यांवरून कितीतरी चुकलेली माणसं आपल्या माणसांत गेली.

पूर ओसरल्यावर संघटनेने अहवाल मागितला. सहलवाल्यांनी सात पानं लिहिली आणि बायकोला वाचून दाखवली.

"पूर अर्ध्या पानात आटोपलाय. बाकी सगळं तुम्हीच आहात," ती म्हणाली.

त्यांनी ती पानं फाडली आणि नुसत्या याद्या पाठवल्या. महिनाभराने संघटनेच्या मासिकात फोटो आला: बससमोर झेंडी दाखवणारे हसतमुख अध्यक्ष. मागे बसच्या दारात एक कोपर आणि अर्धा कान दिसत होता. सहलवाल्यांनी तो फोटो कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला. गिऱ्हाईक आलं की ते सहज काच पुसायला घेतात, आणि कुणी विचारलंच नाही, तर आपणच सांगतात, की तो कान आपला.