ड्रॅगनच्या मोहरांची पतसंस्था

सोन्याचा मला वीट आलाय. दागिन्यांचं म्हणत नाही, ते माझ्याकडे फारसे नाहीतच. मी म्हणतेय ते सोनं कुणी कधी पाहिलेलं नाही. गेली कित्येक वर्षं दर रविवारी दुपारी मी नुसत्या तोंडाने त्याचे ढीग ओततेय. गुहेत मोहरा, पेटाऱ्यात मोहरा, मेलेल्या दरोडेखोराच्या कमरेला मोहरा. सांगून सांगून जिभेला घट्टे पडायची वेळ आली.

हा सगळा डोक्याला ताप इंद्रजितने आणला. पुण्यात हॉस्टेलवर राहून त्याने इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं, पण हा खेळ मात्र पुरा शिकून आला. टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने एका कल्पित राज्यातला एक माणूस व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. समोर काय दिसतंय ते सूत्रधाराने सांगायचं, आपण काय करतो ते बाकीच्यांनी सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. सूत्रधार मी. "तुला बोलायची सवय हाय," असं म्हणून तिघांनी माझ्या गळ्यात घातलं. आठवडाभर कळस गावातल्या शाळेत पोरांपुढे घसा फोडायचा, आणि रविवारी गाडी काढून पुन्हा या थोराड पोरांपुढे.

आम्ही बसायचो बारामतीत, इंदापूर रस्त्याला, अफजलच्या वडिलांच्या दुकानात. दस्तगीरचाचांचं मोटारी भरायचं दुकान. शेतातली पाण्याची मोटार जळाली की जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायची. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून मागची खोली आमची. खेळायला अफजल, त्याची धाकटी बहीण इफ्फत, जी मेडिकलमध्ये कामाला जाते आणि कॉलेजपासून माझी मैत्रीण आहे, आणि लोणी भापकरचा हा इंद्रजित, ऊस आणि निवडणुका सोडून ज्याला दुसरं काही कळत नाही.

चाचा खेळात आले ते भांडायला. एकदा मी सांगत होते की धर्मशाळेत एका रात्रीचं भाडं दोन मोहरा. बाहेर तार गुंडाळत बसलेले चाचा तशीच तार हातात घेऊन आत आले.

"दोन मोहरा? सोन्याच्या?"

"व्हय चाचा. खेळाच्या पुस्तकात तसंच हाय."

"आगं बाई, एका मोहरंत दुभती म्हस येईल. दोन म्हशी देऊन एक रात खाटंवर झोपायचं? आन दोरखंड केवढ्याला?"

"एक मोहोर."

"मंग ह्या राज्यात सुतळी घ्यायची आसली तर काय करत्यात? मोहोर कानशीनं घासत्यात?"

त्या खेळात सगळंच सोन्यात मिळतं. तांब्याची आणि चांदीची नाणी पुस्तकात आहेत, पण त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही कुणी. पुढच्या रविवारी चाचा स्वतःच खुर्ची ओढून बसले. आम्ही आपापल्या माणसांना भारदस्त नावं दिली होती. चाचा म्हणाले, "नाव कशाला बदलायचं? दस्तगीरच लिव." धान्याची कोठी सांभाळणारा म्हातारा दस्तगीर. तलवार नको म्हणाले, किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला.

मग आम्ही ड्रॅगन मारला. त्याच्या बिळात मोहरांचा डोंगर. मोहरा म्हणून आम्ही दुकानातले पितळी वायसर वापरायचो, एक वायसर म्हणजे शंभर मोहरा. जगात दुसरीकडे कुठेही हे खेळणाऱ्यांनी घोडे घेतले असते, जादूच्या तलवारी घेतल्या असत्या. आमच्या इंद्रजितने वायसरांचा डबा जवळ ओढला आणि म्हणाला, "एवढी रक्कम घरात ठिवायची न्हाय. पतसंस्था काढू."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, त्या राज्यात चेटकिणी आहेत, बोलणारी झाडं आहेत, सहकार खातं नाही. चौघेही ऐकेनात. शेवटी मला एक निबंधक तयार करावा लागला, लांब कानांचा, आणि त्याने सगळे कागद तीन प्रतींत मागितले. भागभांडवल ठरलं, उपविधी झाले. चेअरमन म्हणून दस्तगीर कोठीवाल्याची बिनविरोध निवड झाली. इंद्रजितने कलम घातलं की चेअरमनच्या सहीशिवाय एक मोहोर बाहेर निघणार नाही, आणि नवा चेअरमन करायचा तर सगळ्या सभासदांचे हात वर पाहिजेत. एकानेही नाही म्हटलं तर नाही. फुटाफूट होऊ नये म्हणून, म्हणे.

तेव्हापासून खेळाची गोगलगाय झाली. दिवट्या घ्यायच्या तर ठराव, बोटीचं भाडं द्यायचं तर ठराव. भुतं दारात उभी आणि आत अहवालवाचन चाललेलं. चाचा मात्र खुशीत असायचे. सही करायच्या आधी विचारायचे, "ह्याची खरंच गरज हाय का?" आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, चाचा, ह्या सगळ्याचीच गरज नाही हो.

पुढे चाचांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. डायलिसिस लागलं. इफ्फत कामावरून सुट्टी काढून त्यांना रिक्षाने न्यायची, आणायची. तरी रविवारी चाचा येऊन बसत. खुर्चीतच डुलक्या घेत, मध्येच जागे होऊन "शिल्लक किती?" असं विचारत. उन्हाळ्याच्या तोंडाला ते गेले.

चाळिसावा झाल्यावर अफजलचा फोन आला. "रविवारी ये. घरात बसवत न्हाय."

मी गेले, पण अंगात त्राण नव्हतं. पेपर तपासून डोळे चुरचुरत होते. चाचांची खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. खेळातल्या त्यांच्या माणसाचं काय करायचं, याचं मी रस्त्याने येताना सोपं उत्तर काढलं होतं. म्हटलं, "दस्तगीर कोठीवाला उत्तरेला लांबच्या प्रवासाला निघून गेलाय."

अफजलने हातातले फासे खाली ठेवले. "कुठं गेलाय? आमी काय ल्हान पोरं हाय का? मेला म्हण."

"अफजल..."

"म्हण की."

म्हणून मी म्हटलं, की काल झोपेतच दस्तगीर वारला. मी हजार माणसं मारली असतील त्या टेबलावर, एवढं जड कधी गेलं नव्हतं.

मग इफ्फत म्हणाली, "वैदिणीकडं नेऊ."

हेही पुस्तकातच आहे. मेलेला माणूस परत आणता येतो, पाच हजार मोहरा मोजल्या की. आमच्या राज्यात हे काम काळ्या डोंगरातली वैदीण करायची. इंद्रजितला तिने दोनदा उठवला होता, त्यातल्या एका खेपेला तर तो उगाच शौर्य दाखवायला विहिरीत उडी मारून मेला होता.

"इफ्फत, गप बस," अफजल म्हणाला.

"का? ह्याला दोनदा आणला तवा कुणी बोललं न्हाय."

"हे अब्बांचं हाय."

"खेळातलं हाय, भाई."

"मंग रडतीस कशाला?"

तिने डोळे पुसले नाहीत. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला काय हवंय ते मला कळलं. परत आलेल्या माणसाला बोलावं लागतं. ज्याचा खेळाडू नाही, त्याच्या तोंडचं सूत्रधार बोलतो. चाचांचं ते खाकरणं, ते "आगं बाई", वाक्याच्या शेवटी थांबून नाकाने हसणं, सगळं मला पाठ होतं. मी डोळे मिटून बोलले असते तर हुबेहूब चाचा बोलले असते. इफ्फतला बापाचा आवाज एकदा ऐकायचा होता, माझ्या तोंडून का होईना. मला भीती वाटली. तिला नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती आणि हो म्हणायचीही नव्हती.

तिने वायसरांचा डबा टेबलाच्या मध्यावर आणून ठेवला. इंद्रजित खाकरला.

"पैसं संस्थेचं हायत. चेअरमनची सही लागती."

"मंग?"

"चेअरमन मयत हाय." तो खाली मान घालून बोलत होता. "आधी नवा चेअरमन करावा लागंल. समद्यांचं हात लागतील."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्या राज्यात माझा शब्द शेवटचा. म्हटलं, "चुलीत गेलं तुझं कलम. मी मोडते ते."

"नको," इफ्फत म्हणाली. "अब्बांनी सही केलीय त्याच्यावर. मोडायचं न्हाय."

"मंग अफजलचं नाव सुचवतो," इंद्रजितने हात वर केला. अफजल नको नको म्हणत राहिला आणि शेवटी त्यानेही हात वर केला. इफ्फतचे दोन्ही हात मांडीवर.

"त्येंची खुर्ची दुसऱ्याला द्यायची, आन मंग त्येंना आणायचं?" ती म्हणाली. "आल्यावर बसतील कुठं?"

"आल्यावर नव्या चेअरमनचा राजीनामा घिऊ की," इंद्रजित म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. कुणीतरी जळालेली मोटार पायरीवर आदळली आणि हाक मारली, "दस्तगीरभाई, हायसा का? पिंपळीवरनं आलोय. ऊस वाळून चाललाय, आजच्या आज भरून पायजे."

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अफजल उठून बाहेर गेला.

"अब्बा गेले, मामा. सव्वा म्हैना झाला."

मग तो माणूस काहीतरी पुटपुटला, चाचांचं नाव घेतलं, आणि हळूच म्हणाला, "मंग मी दुसरीकडं बघू का?"

"कशाला? मी हाय की," अफजल म्हणाला. "सांच्याला न्यायला या."

मोटारीचे बोल्ट खोलल्याचा आवाज येऊ लागला. इफ्फत मान खाली घालून ते ऐकत बसली. मग तिने हात वर केला. पुरा वर नाही, खांद्याएवढाच. इंद्रजितने ठराव मंजूर झाल्याचं पुटपुटत सांगितलं आणि डब्यातून पाच हजार मोहरांचे वायसर मोजून माझ्यापुढे सरकवले. अफजल तेलकट हातांनी दारात येऊन उभा राहिला होता. इंद्रजितने पुढे केलेल्या कागदावर त्याने तिथेच सही केली.

आता मला सुटका नव्हती. मी सांगायला लागले. काळा डोंगर, गुहा, म्हातारी वैदीण. तिने मोहरा उचलल्या, मढ्याच्या उशाशी दिवा लावला. आणि मग पुस्तकात पुढे जे लिहिलंय ते मी म्हटलं. आजवर तिथे आम्ही कधी थांबलोच नव्हतो, कारण इंद्रजित दरवेळी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "येतो, येतो" म्हणून ओरडायचा.

"वैदीण मेलेल्याला विचारते, की तुला परत यायचंय का? त्याने हो म्हटल्याशिवाय तिला काही करता येत नाही."

हो म्हणणं माझ्या हातात होतं. चाचांचा आवाज माझ्या घशापर्यंत आला होता. मी इफ्फतकडे बघितलं. "मी उत्तर देऊ, का तू देतीस?"

ती समोरच्या वायसरांकडे बघत राहिली. बोलली ते अगदी हळू.

"शेवटच्या बारीला रिक्षातच म्हणले हुते. 'इफ्फत, आता नको नेऊ गं. दमलो मी.' मी म्हणलं, 'अब्बा, एवढी एक खेप.' दर खेपंला असंच म्हणत आले मी. त्यांनी दर खेपंला ऐकलं माझं."

दारातून अफजल म्हणाला, "मला कधी बोलली न्हाईस."

"तू नगं नेऊ म्हणला असतास."

तो पुढे आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. तेलाचे हात तिच्या खांद्यावर ठेवावेत की नाही हे त्याला कळेना. तिनेच त्याचं मनगट धरलं आणि मला म्हणाली, "तिला सांग, येत न्हायत म्हणून. पुन्यांदा इचारू नको म्हणावं."

मी मान हलवली. वैदिणीने दिवा विझवला, एवढंच मला म्हणायचं होतं. ते म्हणायला मला फार वेळ लागला.