गोंगाट काढलेलं गाणं

बसस्थानकात गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज शहरात कोणीही ओळखला असता. म्हणून संपात बाई घोळक्याच्या मधोमध उभ्या राहून गायल्या. गाणं त्यांनीच रचलं होतं. पण सगळा डेपो एकदम गात असला की कोणता सूर कोणाचा, हे कळायची सोय नव्हती. गाणाऱ्यांना घरी बसवू, अशी नोटीस फाटकावर लागली होती.

त्यांचा धाकटा भाऊ जाहिरातींचं ध्वनिमुद्रण करतो. त्याने फाटकाशी उभं राहून गाणं रेकॉर्ड केलं आणि स्टुडिओत नेऊन सवयीने साफ केलं. हॉर्न गेले, शिट्ट्या गेल्या, बेसूर कोरस गेला. उरला एकच आवाज. गाणं त्याने इंटरनेटवर टाकलं आणि ते बघता बघता दुकानांत, कॉलेजांत, फोनफोनवर वाजू लागलं.

मग डेपोच्या साहेबांनी बाईंना बोलावलं. तिथून त्या थेट भावाच्या स्टुडिओत आल्या.

"काय म्हणाले?"

"आवाजाचं कौतुक केलं. रोज ऐकतो, ओळखण्यात चूक कशी होईल, म्हणाले. उद्या चौकशी. बाकी कोण कोण गात होतं ते सांगितलं, तर नोकरी राहील."

भावाचा चेहरा उतरला. "ताई, मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. अख्खा डेपो गातोय त्यात. सगळ्यांना थोडंच काढतील?"

"लाव बघू."

बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. "हा वर्कशॉपमधला फिटर. सुराशी सात जन्मांचं वैर, तरी सगळ्यांच्या पुढे. ही तिकीट खिडकीवाली." त्या जराशा हसल्या. "पुसून टाक."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तू एकटी नव्हतीस, याचा हा एवढाच पुरावा आहे."

"तू यातून मला वेचून काढलंस. ते तुझ्यासारखाच कोणीतरी हुशार बसवतील आणि एकेकाला वेचतील."

"आणि तुझं काय?"

"मला तू आधीच काढून दिलंयस, धाकट्या."

तो पडद्याकडे वळला. मग त्याने रेकॉर्डिंग पुसलं.

"कचरापेटीतूनही," बाई म्हणाल्या.

त्याने तेही केलं.

त्या दारात चपला घालत होत्या, तेव्हा खालून जाणाऱ्या एका गाडीत तेच गाणं वाजत होतं.

"शब्द न् शब्द कळतो," बाई म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.