नऊ वेण्यांचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे. तुमच्या आरशापाशी असतो तसला नव्हे. शिसवीच्या लाकडाचा, हाताच्या पंजाएवढा, लांबलांब दातांचा. दात होते सहा, आता पाच आहेत. सहाव्याची हकिकत पुढे येईलच. आम्ही भिगवणजवळ डाळजला भाड्यानं राहायला आलो, तेव्हा घरमालकीण प्रयागबाई मला हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "अगं बया, ही फणी हाय व्हय? मला वाटलं पोरीच्या खेळातलं दाताळं!" शेतातला काडीकचरा ओढायचं ते दाताळं, आणि मी! मला राग आला होता. पण बाई मनानं चांगल्या, म्हणून मी तो गिळला.

माझा जन्म कर्नाटकातल्या हल्याळकडच्या जंगलातला. माझी मालकीण चंद्राबाई लग्न होऊन निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी मला कोयत्यानं कोरलं, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलं आणि आठ दिवस खोबरेल तेलात ठेवलं. ती सिद्दी माणसं. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांत घालून इकडे आणलेले. त्यांचे केस दाट, कुरळे, स्प्रिंगसारखे परत आपल्या जागी जाणारे. बारीक दातांच्या कंगव्यानं तिथं हात जोडावेत.

पुढे चंद्राबाईचे यजमान रावजी यांना भिगवणजवळच्या कागद कारखान्यात काम लागलं आणि लेक मनिषासह सगळे इकडे आले. गावातले लोक विचारत, "तुमी कुठलं?" रावजी सांगत, "हल्याळचे." मग पुन्हा प्रश्न यायचा, "ते झालं हो, पण मूळचं कुठलं?" रावजी हसून सायकलवर टांग मारत.

माझे सुखाचे दिवस म्हणजे रविवार. दुपारी चंद्राबाई पाटावर बसायची, मनिषा तिच्या गुडघ्यांत. आधी पाणी, मग तेल, मग बोटं आणि शेवटी मी. "टोकापासून सुरू करायचं," चंद्राबाई दर वेळी म्हणायची, "मुळापासून ओढलं की केसही तुटतो आणि माणूसही रडतं." मग डोक्याला घट्ट बसणाऱ्या नऊ वेण्या. प्रत्येकीत तिच्या जुन्या लुगड्याची एक चिंधी गुंफलेली, म्हणजे वेणी सुटत नाही. चिंधीची ही रीत तिच्या आईची, तिच्या आईच्या आईची. मग जागा बदलायच्या. चंद्राबाई खाली बसायची आणि तिच्या मानेवरच्या दोन वेण्या मनिषा घालायची. वाकड्यातिकड्या. चंद्राबाई त्या आठवडाभर मिरवायची.

मनिषा सहावीत गेली आणि माझे ग्रह फिरले. वर्गातल्या मुलींच्या कमरेपर्यंत वेण्या, लाल रिबिनी. कुणीतरी तिच्या डोक्यात पेन्सिल खोवली आणि ती पडते का बघत सगळ्या हसल्या. त्या दिवशी मनिषानं घरी येऊन मला भिंतीवर फेकलं. माझा सहावा दात तेव्हाचा.

"माझे केस खाली का पडत नाहीत?" ती ओरडली.

चंद्राबाईनं तुटलेला दात उचलला आणि तिला जवळ घेतलं. "आपली माणसं जहाजातनं उतरली तेव्हा हातात काही नव्हतं बाळा. नावं बदलली, भाषा गेली, गाव कुठलं ते तर कुणाला आठवतही नाही. केस तेवढे राहिले. कापले तरी परत तसेच आले. ते सांभाळायचे."

मनिषानं ऐकून घेतलं, पण पटलं नव्हतं. भिगवणच्या बाजारातून तिनं गुलाबी प्लॅस्टिकचा कंगवा आणला. पहिल्याच झटक्यात त्याचे चार दात तिच्या केसांत राहिले. दुसऱ्याच्या दुःखात हसू नये हे मलाही कळतं. तरी मी हसलो.

त्या दिवाळीनंतर हल्याळहून पत्र आलं. चंद्राबाईची आई अंथरुणाला खिळली होती. निघण्याच्या आदल्या दिवशी, वार रविवार नसतानाही, दोघींनी एकमेकींच्या वेण्या घातल्या. मनिषानं विचारलं, "कधी येशील?"

"पंधरा दिवसांत. ह्या वेण्या मीच येऊन सोडीन." चंद्राबाईनं मला पिशवीत टाकलं, पुन्हा बाहेर काढलं आणि माझ्या डब्यात ठेवलं. "हा तुझ्याजवळ असू दे."

पंधराचे तीस दिवस झाले. मग पंचेचाळीस. पत्रं यायची, आजी तशीच आहे, एवढंच. मनिषानं डोक्याला कुणाला हात लावू दिला नाही. आईनं मीच सोडीन म्हटलं होतं ना! झोपताना ती डोक्याला फडकं बांधायची, न्हाताना डोकं वाचवायची. वेण्या मुळापाशी सैल झाल्या, केसांचा गुंता वाढला. ती रोज डबा उघडायची, मला नुसतं नाकाशी धरायची. माझ्या लाकडात आईच्या हातच्या तेलाचा वास होता. मी कंगवा. केसांत फिरणं हा माझा जन्म. तरी त्या दिवसांत मला वाटायचं, हिनं मला असंच धरून ठेवावं.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं, त्यात मुलींची लेझीम. शाळेतल्या बाईंनी बजावलं, सगळ्यांचे केस नीट विंचरलेले आणि लाल रिबीन हवी, नाहीतर नाव काढीन. मनिषाला लेझीम जीव की प्राण. रावजींनी तिच्या डोक्याला हात लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. कारखान्यातून दमून येणारा माणूस, त्याला वेण्यांतलं काय कळणार?

"उद्या सलूनमध्ये जाऊ. बारीक करून टाकू. परत येतील."

मनिषा भाकरी टाकून अंगणात पळाली. प्रयागबाई तिथं तूर पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "कापल्यावर आईला काय दावशील गं? आण ती तुजी फणी. मी बगते सोडून."

मनिषानं डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग मला घेऊन आली आणि डोळे मिटून बसली.

प्रयागबाईंनी मला धरलं आणि आपल्या केसांत घालतात तसं थेट मुळाशी घातलं. ओढलं. मनिषा कळवळली. त्यांनी पुन्हा ओढलं. मी काय करणार? कंगव्याला दात असतात, जीभ नसते.

"मावशी, वरनं न्हाय! खालनं!" मनिषा ओरडली. "टोकापासून सुरू करायचं. आदी पाणी, मग त्याल, मग बोटं. मुळापासून वडलं की केसबी तुटतो आन्..."

ती थांबली. हे आपल्या तोंडून कोण बोललं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. प्रयागबाईंनी मला तिच्या हातात दिलं. "तुला येतंय की गं सगळं. मग मला कशाला घोळात घेतीस?" त्या आत जाऊन आरसा घेऊन आल्या.

सबंध दुपार गेली. मनिषानं एकेक वेणी पाण्यात भिजवली, बोटांनी मोकळी केली, मग मला फिरवलं. एकेक चिंधी बाहेर आली, की प्रयागबाई ती मांडीवर सरळ करून ठेवायच्या. नवव्या वेणीला मात्र मनिषा रडली. आईच्या बोटांची शेवटची गाठ होती ती. प्रयागबाई आरसा धरून बसल्या. शेवटची चिंधी निघाली आणि तिचे केस कानांभोवती, खांद्यावर फुलून उभे राहिले. "आगं, केवढं भरलंय डोस्कं!" प्रयागबाई म्हणाल्या, आणि त्यात चेष्टा नव्हती.

चिंध्या डब्यात गेल्या. मनिषानं आरशात बघून स्वतःच्या नऊ वेण्या घातल्या आणि लुगड्याच्या जागी शाळेची लाल रिबीन कापून गुंफली.

गॅदरिंगला मी डब्यात होतो. तिनं प्रयागबाईंना सांगितलं, तेवढं ऐकलं. शाळेतल्या बाईंनी विचारलं, रिबीन कुठाय? ती म्हणाली, आत आहे, बघा. बाईंनी तिचं डोकं उजेडाकडे वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, जा, उभी राहा. एवढंच. पेन्सिल खोवणारी मुलगी सोमवारी विचारत होती, माझ्या केसांत अशी रिबीन बसेल का?

चंद्राबाई आली ती फेब्रुवारीत. आजी गेली होती. एसटीतून उतरून ती दारात आली, तर मनिषा डोक्याला फडकं घट्ट बांधून भिंतीला टेकून उभी. तिनं फडकं सोडलं आणि चिंध्यांचा डबा पुढे केला.

"आई, मी सोडल्या. तू येईस्तोवर थांबायचं होतं. मी न्हाय थांबले."

चंद्राबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एकेका वाकड्या भांगावरून. मग स्वतःच्या डोक्यावरचा पदर खाली घेतला. मानेवर दोन वेण्या होत्या. वाकड्यातिकड्या, सैल, गुंता होऊन लोंबत असलेल्या. मनिषानं दिवाळीनंतर घातलेल्या, त्याच.

"तिकडं आजीची फणी होती गं," ती म्हणाली. "पण माझा हातच होईना."

ती पाटावर बसली नाही, खाली बसली. पाट तिनं लेकीकडे सरकवला.

मित्रांनो, आता १९९९ साल आहे. मनिषा बारामतीला कॉलेजच्या वसतिगृहात असते, दर शनिवारी घरी येते. मला तिनं आईजवळ ठेवलं आहे, आणि डब्यातला आठवडा मला फार लांब वाटतो. तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी जुनं, दात पडलेलं असेल. ते टाकून देऊ नका. आणि कुणाचं डोकं तुमच्या हाती आलं, तर ओढू नका. टोकापासून सुरू करा.

आज शनिवार. चंद्राबाईनं सकाळीच डब्याचं झाकण काढून ठेवलंय, आणि पाटाशेजारी पाण्याचा तांब्या.