मामाचा शब्द आणि प्रत्यक्षार्थवाद

आमच्याकडे सोयरीक जुळवताना मुलीच्या मामाचा शब्द शेवटचा. माझ्या मामाने पातूरला पाहुण्यांना छातीठोक सांगितलं होतं, पोरीले शिवण येते. मी सुई कधी धरली नव्हती. त्या खोट्यावर माझा संसार बावन्न वर्षं चालला.

माझी नात दामिनी अमरावतीला आमच्याकडेच वाढली. धामणगावचा प्रीतम तिला मनापासून आवडला होता. तो वडिलांना, कापसाचे व्यापारी सूर्यभानजींना, घेऊन आला. शब्द द्यायला होता तिचा मामा, म्हणजे माझा मुलगा कुलदीप, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा.

"मामासाहेब, पोरीचा सभाव कसा हाये?" सूर्यभानजींनी विचारलं.

"स्वभाव मी पाहिलेला नाही. आत्ता ती पोहे देते आहे, एवढंच दिसतं."

दामिनीचा चेहरा उतरला.

"येडा झाला का रे?" मी म्हणाले.

"आई, माणूस आधी म्हणायचा, देव पाऊस पाडतो. मग म्हणू लागला, निसर्गात शक्ती असते, ती पाडते. तिसऱ्या पायरीवर शहाणा झाला. किती पडला, कधी पडला ते पाहायचं, त्यातून नियम काढायचा, बस. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये या विचाराला नाव मिळालं. आपण प्रत्यक्षार्थवाद म्हणतो. स्वभाव ही दुसऱ्या पायरीवरची गोष्ट आहे."

सूर्यभानजींनी बशी खाली ठेवली. "मंजे गाठ फोडून रुई पाह्यल्याबिगर भाव सांगाचा नाही!"

"बरोब्बर."

"मंग आमी बी पाहूनच सांगू. प्रीतम, घरून कपडे घेऊन ये."

बापलेक अकरा दिवस राहिले. सूर्यभानजी वहीत लिहीत, 'सात वाजून दहा मिनिटांनी हसली.' कशामुळे हसली ते लिहायला कुलदीपची मनाई होती. मी रोज विचारायची, "निघाला का नियम?" तो म्हणायचा, "अजून उन्हाळा पाहायचा आहे."

बाराव्या दिवशी दामिनीच पुढे आली. "मी बी अकरा दिवस प्रीतमले पाहून राहिली. जेवल्यावर ताट सोता घासते. आजीच्या गुडघ्याले शेक देते. मले पसंत हाये. मामा, चालते का हे?"

कुलदीप विचारात पडला. "नोंदी बरोबर आहेत. पण पसंतीचा नियम..."

"तू गप," म्हणून मामाच्या जागी मीच शब्द दिला.

लग्न लागलं. दामिनी धामणगावला नांदायला गेली. सूर्यभानजी मात्र अजून आमच्याकडेच आहेत. ती घरात नसताना कशी वागते, ते पाहायचं राहिलं म्हणतात.