सगळ्यांसमोर विचारलेले प्रश्न

आकडेवारीच्या ऑफिसातल्या त्या बाईला मागून सगळे 'सरासरी बाई' म्हणायचे. चहा कसा झालाय असं विचारलं तरी बाई म्हणणार, "सरासरी बरा." पण कामाला पक्की. नर्सने बाळंतिणींच्या घरी दर आठवड्याला जाण्याचा काही उपयोग होतो का, हा अभ्यास आरोग्य खात्याने तिच्याकडे सोपवला, तेव्हा तिने त्यात जीव ओतला.

झोप लागते का, रडू येतं का, नको ते विचार येतात का, असे प्रश्न बाळंतिणींना विचारायला बाई आपल्या माणसांना घेऊन घरोघरी जायची. सुरुवातीला लोक दारातूनच वाटेला लावायचे. आमच्या सुनेला एकटीला गाठून काय विचारायचंय, म्हणून सासवा फणकारायच्या. मग बाईनेच नियम काढला: प्रश्न बाहेरच्या खोलीत, घरच्या सगळ्यांसमोर विचारायचे. झालं, दारं उघडली, पाणी पुढे आलं, उत्तरंही भराभर आली. सगळं छान आहे. नर्स जायची त्या घरांत छान, जायची नाही त्या घरांतही छान. म्हणजे फरक शून्य! आता सांगा, सासू, सासरा, नवरा समोर बसलेले असताना कोणती सून म्हणेल, मला रडू येतं म्हणून? एवढी साधी गोष्ट, पण पाठीवर शाबासकीची थाप पडत असली की ती डोक्यात शिरत नाही.

खात्याच्या संचालकांनी अहवाल वाचला आणि नर्सच्या घरभेटी बंद करून टाकल्या.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी बाई धाकट्या बहिणीकडे गेली. बहिणीला मुलगी झाली होती, अजून मान धरत नव्हती. बाहेरच्या खोलीत सगळे बसले होते.

"कशी आहेस गं?"

"छान आहे, ताई."

"अहो, राणीसारखी ठेवलीय तिला," सासूबाई म्हणाल्या. बिचाऱ्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

थोड्या वेळाने बहीण बाळाचे कपडे वाळत घालायला मागच्या बाजूला गेली. ताई मदतीला गेली. दुपट्याला चिमटा लावता लावता, तिच्याकडे न बघताच बहीण म्हणाली, "ताई, आमच्या नर्सबाई का येत नाहीत गं हल्ली?"

"का? काही काम होतं?"

"बाळाचं वजन करायचंय, गर्दी नको, असं म्हणून त्या सगळ्यांना बाहेर काढायच्या. मग दार लावून मला म्हणायच्या, हं, आता बोल." तिने दुसरा चिमटा उचलला. "परवा मी हिला घेऊन गच्चीवर गेले होते. कठड्यापाशी बराच वेळ उभी होते. मग ही रडायला लागली, म्हणून खाली आले."

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? तू विचारतेस तेव्हा सगळे असतात."

त्याच दिवशी ताईने बहिणीला आणि बाळाला आपल्या घरी आणलं, डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू झालं. मग ती तडक संचालकांकडे गेली. माझा अभ्यास चुकलाय, घरभेटी सुरू करा, म्हणाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, नर्सेस दुसऱ्या कामाला लावल्यात. आणि एका घरावरून धोरण बदलायचं नसतं, हे तुम्हीच तर आम्हाला सांगितलंत. आणखी घरं दाखवा, मग बघू."

म्हणून ती पुन्हा त्याच घरांकडे निघाली, या वेळी एकटी. पहिल्याच दारात एक म्हातारी बाळाला खांद्यावर टाकून थोपटत उभी होती.

"आजी, सूनबाईंशी जरा एकटीशी बोलायचं होतं."

म्हातारीचा थोपटणारा हात थांबला नाही.

"ती गेली हो. विहिरीत सापडली," ती म्हणाली. "कुणालाच काही बोलली नाही बघा. तुम्ही विचारायला आला होतात ना, तेव्हासुद्धा छान आहे म्हणाली. आम्ही सगळे इथेच तर बसलो होतो."